मदत हवी आहे: ओढ्यातल्या पाणी उपशावर म्हणणं कसं मांडावं?

नमस्कार मंडळी, न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात कोणी राहत असेल तर कृपया सांगा.

आमच्या घरामागच्या ओढ्यातून सिंचनासाठी पाणी उपसायला एका शेतकऱ्यानं रिसोर्स कन्सेंट (पाणी, जमीन वगैरे वापरण्यासाठी कौन्सिलची परवानगी) मागितलंय. अर्ज जाहीर झालाय. म्हणणं मांडायला कामाचे 20 दिवस असतात, त्यातले 6 गेले. गेल्या उन्हाळ्यात हाच ओढा इतका आटला की पुलाखालच्या एवढ्याशा डबक्यात ईल मासे एकमेकांवर वळवळत होते. लेक बादलीनं पाणी ओतत बसली होती. ते डोळ्यांपुढून जात नाही.

आधी मी डिस्ट्रिक्ट कौन्सिलला फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडे बांधकाम आणि जमिनीचा वापर. नद्या, भूजल, सांडपाणी सोडणं हे रीजनल कौन्सिलचं काम. 1989 च्या स्थानिक संस्थांच्या फेररचनेत रीजनल कौन्सिलांच्या हद्दी बऱ्याच अंशी नद्यांच्या पाणलोटानुसार आखल्या, हे मला मनापासून पटतं. पण कन्सेंट 35 वर्षांपर्यंतचं मिळू शकतं, म्हणून आत्ताच बोलायला हवं.

शेतकऱ्याचं पाणी तोडायचं नाहीये मला. प्रवाह ठरावीक पातळीखाली गेला की उपसा थांबवायचा, एवढी अट हवी आहे. ती नेमक्या कोणत्या शब्दांत मागावी? माझ्याकडे तारखांसह फोटो आहेत. तेवढे पुरतात की तज्ज्ञाचा अहवाल लागतो? आणि सुनावणीत कोणी स्वतः बोललंय का? मी बोलणार आहे, पण तिथे किती वेळ देतात, काय विचारतात, काहीच कल्पना नाही.