पोरीला बायबलचा अभ्यास करायचाय, पुढे पोटापाण्याचं काय?

साक्रीवाले आबा: नमस्कार मंडळी. मी एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. धाकटी यंदा बी.ए. झाली. मला वाटलं बी.एड. करेल, तर म्हणते पुण्याला सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या कॉलेजात जाऊन बी.डी. ही तिथली पदवी करते. आम्ही ख्रिस्ती आहोत, दर रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) जातो, तेव्हा श्रद्धेचा प्रश्न नाही. प्रश्न असा की ही डिग्री खरी असते का, आणि मुलीच्या जातीला त्यात नोकरी कुठली?

पांझराकाठ: आबा, सरळ सांगतो. आमच्या पाळकसाहेबांची स्कूटर मंडळीने वर्गणी काढून घेऊन दिली. आधी बी.एड. करू द्या.

नवापूरची ताई: आबा, मी हेच शिकले, म्हणून जरा लांब लिहिते.

डिग्री खरी, पण जागा बघून. बंगालमधलं सेरामपूर कॉलेज 1818 सालचं. 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या द्यायची सनद दिली, 1918 मध्ये बंगालमध्ये कायदा झाला. त्याच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, देशभरातली कॉलेजं जोडलेली आहेत. पुण्यातलं युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यातलंच, ते आधी यवतमाळला होतं. प्रवेशाआधी एकच विचारा: पदवी कोण देणार? माझ्या मावसभावाने एका ठिकाणी दोन वर्षं घालवली, फी भरली, आणि एम.टीएच.ला, म्हणजे बी.डी.च्या पुढच्या पदवीला, तो कागद कोणी धरलाच नाही. सरकारी नोकरीत बी.डी. चालेल का, हेही त्या-त्या खात्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

मला चार वर्षं लागली. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास, इतर धर्म, वर हिब्रू आणि ग्रीक. हिब्रू उजवीकडून डावीकडे. पहिल्या सहामाहीत मी रडले, खोटं कशाला सांगू.

पण एक दिवस तेविसावं स्तोत्र निघालं. मराठीत आपण ‘आकडी’ आणि ‘काठी’ वाचून पुढे जातो. हिब्रूत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक मारायचा दंडा आणि एक टेकायचा आधार. वर्गातल्या शहरी पोरांना मेंढपाळ म्हटलं की कॅलेंडरवरचं चित्र दिसायचं. मला दिसला आमच्या शेतात मेंढ्या बसवायला येणारा ठेलारी, रात्रभर कुत्र्यांसोबत जागणारा. त्या दिवशी सरांनी मलाच समजावून सांगायला उभं केलं.

त्यातूनच पुढचं काम मिळालं. बायबलच्या बोलीभाषेतल्या भाषांतरात मूळ भाषा येणारं माणूस लागतं आणि घरी ती बोली बोलणारंही. दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतं. तुमच्या पोरीला अहिराणी येते ना? मग तिच्याकडे अर्धी शिदोरी आहेच.

पैशाचं म्हणाल तर पहिलं मानधन 12,000 होतं, तेही कधी पंधरा तारखेला. बाकी वाटा म्हणजे सेमिनरीत शिकवणं (त्याला एम.टीएच. लागतं), मिशन हॉस्पिटलात रुग्णांजवळ बसायचं काम, संस्थांची कामं. पाळकपदाची दीक्षा काही मंडळ्या बायकांना देतात, काही देत नाहीत. आपली देते का, ते आधी विचारा. पांझराकाठदादांचं बी.एड.चं म्हणणं खोटं नाही, मी ते नंतर केलं आणि आज तेच घर चालवतं.

आणि ‘मुलीची जात’ म्हणालात म्हणून: पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

साक्रीवाले आबा: ताई, तुमचं सगळं पोरीला वाचून दाखवलं. ती आतून कागद घेऊन आली, त्यावर उलटीकडून काढलेली अक्षरं. म्हणे महिनाभर गिरवतेय. आम्हाला वाटलं मेंदीची नक्षी.

आता बी.एड. आधी की नंतर, एवढ्यावर घरात भांडण आहे. आणि मेसमध्ये कळण्याची भाकर मिळते का हो?

नवापूरची ताई: नाही आबा. पीठ बांधून द्या.