गोल्डफिशच्या टाकीत बोअरचे पाणी मिसळावे का? मदत हवी आहे

सोलापुरात आमच्याकडे 100 लिटरच्या काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश असून स्पंज फिल्टर व हवेचा पंप अहोरात्र चालू असतो. उन्हाळा सुरू झाल्यापासून दुपारी पाण्याचे तापमान 31 अंशांपर्यंत जाते, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि टेस्ट किटमध्ये अमोनिया 0.5 पीपीएम दिसतो. नायट्राइट शून्य आहे. अंगावर पांढरे ठिपके किंवा कल्ल्यांवर लाली नाही. टाकी सावलीत हलवली आहे, दाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपतील इतकेच भिजवून देतो, आणि स्पंजमधील उपयुक्त जिवाणू क्लोरीनने मरू नयेत म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घेतो.

खरी अडचण पाण्याची आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे साठवून क्लोरीन घालवलेले पाणी आठवड्यातून एकदा पाव टाकी बदलण्यापुरतेच पुरते. बोअरला पाणी मुबलक आहे, परंतु ते क्षारयुक्त असून त्याचा पीएच 8.2 भरतो, आणि पीएच व तापमान वाढले की अमोनियाचा विषारी अंशही वाढतो, याची मला फार काळजी वाटते. मोठी टाकी घेणे सध्या शक्य नाही. अशा स्थितीत बोअरचे पाणी किती प्रमाणात मिसळणे सुरक्षित आहे, आणि अमोनिया शून्यावर येईपर्यंत खाणे पूर्ण बंद ठेवावे का?