बिनपाटीचा जुना टिलर: कुठला आणि कधीचा?

सुहास:
नमस्कार मंडळी,
नव्या घराच्या शेडमध्ये मागच्या मालकांनी एक अवजड टिलर (माती भुसभुशीत करणारं यंत्र) सोडलाय. कंपनीची पाटी गायब. इंजिन पुढे, दोन लोखंडी चाकं, मागे पत्र्याच्या झाकणाखाली फिरणारे दात. दात हुकासारखे वाकडे, प्रत्येकाच्या बुडाशी जाड स्प्रिंग. इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, मॉडेल ८०३०२, कोड ६५०४१२०२. म्हणजे १९६५ चं मशीन ना? शनिवारी भंगारवाला येतोय, द्यायला हरकत आहे का?

वसंतकाका:
सुहास, भंगारवाल्याला तूर्त थांबव.

कोड तू बरोबर वाचलास: १२ एप्रिल १९६५. पण तो इंजिनाचा जन्मदिवस, मशीनचा नव्हे. ८०३०२ मधला पहिला ८ म्हणजे सिलिंडरची क्षमता आठ घन इंच, साधारण तीन अश्वशक्ती. तिसरा आकडा ३, म्हणजे आडवा शाफ्ट आणि हवेवर चालणारा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग). शेवटचा २ म्हणजे दोरी आपोआप गुंडाळणारा स्टार्टर. एवढ्या अवजड धडाला तीन अश्वशक्ती! हे इंजिन मागाहून बसवलेलं असणार. इंजिनाच्या बैठकीची प्लेट बघ. जास्तीची भोकं, फाइलने लांबट केलेली भोकं किंवा वेल्डिंगने चिकटवलेला तुकडा दिसला की शंका मिटली.

जुन्या टिलरची ओळख इंजिनावरून किंवा रंगावरून करू नये, दोन्ही बदलतात. ओतीव गिअरबॉक्स आणि दात सहसा बदलत नाहीत. स्प्रिंगवरचे दात ही स्विस इंजिनिअर कोनराड फॉन मेयेनबुर्गची पद्धत. ती जर्मनीत सीमेन्सने, जिनिव्हात सिमारने आणि अमेरिकेत सुरुवातीच्या रोटोटिलर कंपनीने वापरली. ऑस्ट्रेलियाच्या हॉवर्डची पाती एल आकाराची, त्यामुळे तो बाद. (गावाकडे ट्रॅक्टरमागे लावतात तो रोटाव्हेटर याच हॉवर्डचा वारसा.)

आता आटे मोज. गिअरबॉक्सचाच बोल्ट घे, इंजिनाचा नको. कॅलिपरने जाडी बघ: १२.७ मिलिमीटर म्हणजे अर्धा इंच, १२ च्या आसपास असेल तर मेट्रिक. अर्ध्या इंचाचा असेल तर एका इंचात किती आटे ते मोज. १३ भरले तर अमेरिकन भरड आटा, १२ भरले तर ब्रिटिश व्हिटवर्थ. गंजलेल्या बोल्टवर पट्टी धरून मोजू नकोस, हमखास एखादा आटा चुकतो. पिच गेज (आट्यांवर टेकवून बघायच्या दातेरी पट्ट्या) आण, फार महाग नसतं.

पाटी गेली तरी रिव्हेटची चार भोकं उरतात. त्यांच्यातलं उभं-आडवं अंतर लिहून ठेव, तेवढ्यावरून पाटीचा आकार जुळवता येतो. ओतीव भागावरचे आकडे काढायला पितळी ब्रश आणि रॉकेल वापर, मग खडू आडवा घास, उठावाचे आकडे पांढरे दिसतील. ग्राइंडर लावलास तर तेच आकडे उडतील.

सुषमाताई:
काका, एक भर घालते. सुहास, दोरी ओढून बघायचा मोह टाळ. आधी स्पार्क प्लग काढ, सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोड, दोन दिवस थांब, मग हाताने हळू फिरव.

गिअरबॉक्सचं थोडं तेल बरणीत काढून उन्हात धर. दुधट असेल तर पाणी शिरलंय. सोनेरी चकाकी असेल तर काशाचं वर्म-चाक (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारं दातेरी चाक) झिजतंय, आणि या वयाच्या यंत्राला ते चाक मिळणं हीच खरी अडचण. नवं तेल भरताना जीएल-४ दर्जाचं घे (जीएल-४, जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे). जीएल-५ मधल्या गंधकाच्या संयुगांनी काशाचं चाक खराब होतं, हे दुकानातला माणूस सांगेलच असं नाही. तेल भरल्यावर खालच्या सीलमधून थेंब पडणारच, चामड्याची किंवा फेल्टची जुनी सील वाळलेली असतात. खाली ट्रे ठेव.

सुहास:
काका, बोल्ट अर्धा इंच, आटे १३. प्लेटला चार जास्तीची भोकं आहेत. रिव्हेटच्या भोकांमध्ये आडवं साडेतीन इंच, उभं दोन. तेल काळं पण स्वच्छ, चकाकी नाही.

वसंतकाका:
आटे अमेरिकन, मग सीमेन्स आणि सिमार दोन्ही बाद, रोटोटिलरकडे पारडं झुकतं. कॅडवॉलाडर केल्सीने युरोपातले टिलर अमेरिकेत आणले, रोटोटिलर कंपनी काढली आणि १९३७ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय गावी नेली. आजचं ट्रॉय-बिल्ट हे टिलरच्या ब्रँडचं नाव त्याच गावावरून आलंय. तुझं यंत्र दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं असण्याची शक्यता बरीच आहे, पण खडूने आकडे दिसल्याशिवाय मॉडेल सांगणार नाही. बेल्टच्या झाकणाची आतली बाजूही बघ, मूळ रंग उरला असेल तर तिथेच. फोटो बाजूने आणि दाताच्या टोकाकडून काढ, शेजारी पट्टी ठेवून. आणि रंग देऊ नकोस, हौशी गिऱ्हाईक गंजलेल्या मूळ रंगाचे जास्त पैसे देतं.