क्लेअरचं दुसरं चित्र

कुणी तरी म्हटलंय की टॉमस ग्रिमशॉने काढलेलं इंग्रज कवी जॉन क्लेअरचं चित्र 'गावठी' आहे आणि विल्यम हिल्टन या चित्रकाराने काढलेल्या क्लेअरच्या चित्रासमोर अगदीच फिकं पडतं. हाताच्या सफाईबद्दल वाद नाही. पण दोन्ही चित्रं कशासाठी काढली गेली, तेही बघा ना.

हिल्टनचं चित्र १८२० सालचं. टेलर या क्लेअरच्या प्रकाशकाने ते लंडनमध्ये करवून घेतलं होतं. पहिलाच संग्रह गाजलेला, सत्ताविशीच्या आतला 'शेतमजूर कवी', नजर कुठेतरी वर लागलेली. थोडक्यात, जाहिरात! (चांगली जाहिरात, पण जाहिरातच.)

ग्रिमशॉ हा इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन गावचा चित्रकार. त्याने १८४४ मध्ये क्लेअरला रंगवलं, तेव्हा क्लेअर तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात होता. १८४१ च्या अखेरीस आत गेला तो १८६४ मध्ये तिथेच वारला. सुरुवातीची काही वर्षं त्याला गावात फिरायची मोकळीक होती. ऑल सेंट्स चर्चच्या ओसरीवर तो बसायचा, कुणी तंबाखू दिली की त्याला कविता लिहून द्यायचा. म्हणजे ग्रिमशॉच्या गावाला हा माणूस रोजचा होता. म्हणूनच असेल, चित्रात भव्य कपाळ आणि सुटलेलं अंग जसंच्या तसं आलंय, स्वप्नाळूपणा चिकटवलेला नाही.

आणि 'मी आहे' ही त्याची सर्वांत प्रसिद्ध कविता याच इस्पितळातली. ती वाचताना मला तरी हिल्टनचा तो देखणा पोरगा आठवत नाही.

ग्रिमशॉचं चित्र नॉर्थॅम्प्टनच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संग्रहात आहे.