रात्रभर उभी करून बघा

म्हापशात मिळणारी आठ वर्षं जुनी, एअर सस्पेन्शनची (म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर उभी राहणारी) जर्मन सेडान घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. किंमत बघून भुलू नका. माझ्या मावसभावाने पर्वरीत अशीच एक घेतली. संध्याकाळी झकास उभी होती, सकाळी बघतो तर पुढचं डावं चाक मडगार्डात शिरलेलं! हवेच्या रबरी फुग्याला बारीक चीर. गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे एकाचे दोन खर्च. म्हणून गाडी रात्रभर सपाट जागेवर ठेवा आणि चारही चाकांवरच्या कमानीची उंची संध्याकाळी व सकाळी टेपने मोजा. विकणारा कुरकुरला तर काय ते समजा.

(मर्सिडीजची जुनी एबीसी, म्हणजे 'अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल' सस्पेन्शन असेल तर तिथे हवा नाही, हायड्रॉलिक तेल. त्या वाटेला मी तरी जाणार नाही.)

'वॉरंटी आहे हो' हे तोंडी ऐकू नका. ती तुमच्या नावावर होते का आणि फुगे झिजणारा भाग म्हणून वगळलेत का, हे चासी नंबर देऊन कंपनीकडून लेखी घ्या. पावसात पाण्यात बुडालेल्या गाडीचं नुकसान वॉरंटीत सहसा येत नाही, तेव्हा सीटखालचे गंजलेले बोल्टही बघाच.