शब्दचर्चा: ‘सौम्यता’, ‘राजी’, ‘जबाबदारी’ आणि कागदावरचा ‘पहिलाच गुन्हा’

प्रश्न (खानापूर)

बायकोला वारंवार मारहाण करणाऱ्या माणसाला न्यायालयाने हलक्यावर सोडले, तर त्याला मराठीत नेमके काय म्हणावे? बातम्यांत दया, सौम्यता, सवलत, सूट, माफी हे सगळे शब्द एकाच अर्थाने येतात. ‘अकाउंटेबिलिटी’ला नुसते ‘जबाबदारी’ पुरेल का? आपल्याकडचे, म्हणजे कर्नाटकातल्या सीमाभागातले, पोलीस ठाण्याचे आणि कोर्टाचे कागद कन्नडात असतात, तेव्हा तिकडचे शब्दही सांगावेत. गावोगावच्या महिला मंडळांसाठी एक पानी मराठी माहितीपत्रक करायचे आहे.

बेळगाव, अनुवादक

हे शब्द आधी वेगळे करून घ्या. ‘माफी’ राज्यपाल आणि राष्ट्रपती देतात, न्यायाधीश नाही. ‘सूट’ ही झालेल्या शिक्षेतून तुरुंगात मिळते. खालच्या कोर्टात घडते ते तीनपैकी एक. कमी मुदतीची किंवा नुसत्या दंडाची शिक्षा झाली तर ती ‘सौम्य शिक्षा’. १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा कायद्याच्या कलम ३ खाली ताकीद देऊन सोडले तर ती ‘समज’. कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडले तर ती ‘परिवीक्षा’. कन्नड कागदात ‘परिवीक्षणाधिकारी’ दिसला तर तो हाच परिवीक्षा अधिकारी, आणि कलम ४ चा आदेश देताना त्याचा अहवाल असल्यास न्यायालयाने तो विचारात घ्यायचा असतो.

‘दया’ पत्रकात नको. तो शब्द देणाऱ्याच्या मनाकडे बोट दाखवतो. परिवीक्षा हा अटींचा आदेश आहे आणि अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये पहिल्या भंगाला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवायचीही मुभा आहे, हे बायकांना स्पष्ट सांगा.

आणखी एक फरक. कलम ३ ला आधीची दोषसिद्धी नसावी लागते. कलम ४ मध्ये तशी अट लिहिलेली नाही. तिथे गुन्ह्याचे स्वरूप आणि माणसाचे चारित्र्य पाहायचे असते.

निपाणी, वकील

चारित्र्य पाहायचे म्हणजे कागद पाहायचे, आणि खरी मेख तिथेच आहे. आपल्या भागात सगळ्यात जपून वापरायचा शब्द ‘राजी’. मराठीत राजी म्हणजे तयार, खूश. कन्नडात राजी म्हणजे तडजोड. ‘राजी आग्तीरा?’ असे विचारले की मराठी बाईला वाटते, आपली नुसती तयारी विचारताहेत. ती ‘होय’ म्हणते आणि कागदावर तडजोड होते.

साध्या दुखापतीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचे कलम ११५(२), जखमी व्यक्तीला आपसात मिटवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे असा गुन्हा मिटला की परिणाम निर्दोष सुटकेचा. म्हणजे दोषसिद्धी शून्य. पुन्हा मारले, पुन्हा राजी, पुन्हा शून्य. पुढच्या खेपेला बचाव पक्षाने ‘हा पहिलाच गुन्हा आहे’ म्हटले तर कागदावर ते खोटे ठरत नाही. घरात दहाव्यांदा घडलेले कोर्टात पहिल्यांदा घडते.

नवऱ्याच्या क्रूरतेचे कलम ८५ (जुने ४९८अ, शिक्षा तीन वर्षांपर्यंत) त्या मिटवण्याच्या यादीत नाही. त्यात तडजोड झाली तरी खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जावे लागते. ‘८५ मध्ये राजी करून टाकू’ असे तालुका कोर्टाच्या आवारात कुणी म्हणाले तर ते कायद्यात बसत नाही.

चिक्कोडी

‘सराईत’ हा शब्द इथे चालेल का? ‘सराईत नवरा’ असे कुणी म्हणत नाही.

निपाणी, वकील

बोलण्यात येत नाही आणि कायद्यातही तो अर्थ मिळत नाही. न्याय संहितेच्या कलम १३ मध्ये आधीच्या शिक्षेमुळे शिक्षा वाढते, पण ती तरतूद नाणी-नोटा व सरकारी मुद्रांकांच्या आणि मालमत्तेच्या काही गुन्ह्यांपुरती आहे. चोर दुसऱ्यांदा सापडला तर हे कलम लागू शकते. बायकोला दुसऱ्यांदा मारणाऱ्याला ते लागत नाही. वाढीव शिक्षेला पात्र असलेल्याचा गुन्हा मिटवता येत नाही, हा कलम ३५९ मधला अडसरही म्हणून त्याच्या वाटेत येत नाही. माझ्या मते कायद्यातली ही मोठी उणीव आहे. पत्रकात ‘वारंवार मारहाण करणारा’ असे साधेच लिहा.

हुक्केरी, समुपदेशक

‘मुच्चळिके’ राहिले. आपला ‘मुचलका’ तोच. ठाण्यात कागदावर ‘यापुढे त्रास देणार नाही’ असे लिहून सही घेतात, त्यालाही मुच्चळिके म्हणतात आणि दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेल्या बंधपत्रालाही तेच. नाव एक, वजन वेगळे. ठाण्यातला कागद मोडला तर तेवढ्यासाठी शिक्षा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली तालुका दंडाधिकाऱ्यांनी शांतता राखण्यासाठी घेतलेला मुचलका (मुदत एक वर्षापर्यंत) मोडला, तर उरलेल्या मुदतीसाठी कैद होऊ शकते.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १९(३) मध्ये न्यायदंडाधिकारीही असा मुचलका घेऊ शकतात, जामीनदारासह किंवा त्याशिवाय. तेव्हा ‘मुचलका झाला’ एवढ्यावर थांबू नये. कुणापुढे झाला, कोणत्या कलमाखाली, किती मुदतीचा, हे तीन प्रश्न पत्रकात ठळक छापा.

ठाण्यातून ‘हिंबरह’ मिळाला तर तो फेकू नये. अर्जाची दखल घेतल्याचा तो शेरा असतो. गुन्हा नोंदला नसला तरी तारीख त्यात राहते, आणि पुढे ‘पहिलाच गुन्हा’ खोडायला तीच उपयोगी पडते.

बेळगाव, अनुवादक

तारखांइतकेच क्रियापद महत्त्वाचे. बाई म्हणते, ‘दारू पिऊन आला की मारायचा.’ कन्नडात ‘होडेद’ लिहिले तर एकदा मारले असा अर्थ झाला. ‘होडेयुत्तिद्द’ लिहायला हवे, म्हणजे मारत असे. तसेच ‘गलाटा’. कन्नड ‘गलाटे’ इकडच्या मराठीत मुरला आहे आणि तक्रारीत ‘घरी गलाटा झाला’ असे बिनधास्त येते. गलाटा दोघांचा असतो, त्यात मारणारा दिसत नाही. ‘नवऱ्याने काठीने डाव्या हातावर मारले’ असेच सांगावे, तारीख किंवा निदान सण-हंगाम सांगून.

जबाब मराठीत दिला आणि नोंद कन्नडात झाली, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१३ प्रमाणे ती नोंद साक्षीदाराला समजणाऱ्या भाषेत सांगावी लागते. हे कोर्टातल्या साक्षीचे आहे. ‘मला मराठीत वाचून सांगा’ हे वाक्य पत्रकात असूच द्या.

हुक्केरी, समुपदेशक

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा नमुना १, म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, तोही इथेच सांगते. त्यात हिंसाचाराची तारीख, वेळ, जागा लिहायची सोय आहे. शेवटची एकच घटना भरून रकाना बंद करतात, तसे करू नये. जुन्या घटना, दवाखान्याचे कागद, हिंबरह सगळे जोडावे. कर्नाटकात तालुक्याचा शिशु विकास योजनाधिकारी हाच संरक्षण अधिकारी असतो, अहवाल त्याच्याकडे करायचा.

कागवाड

‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन नाहीच ना? कन्नडातही ‘जामीनुरहित’ म्हणतात.

निपाणी, वकील

नाही. जामीन हक्काने मिळत नाही, न्यायालय ठरवते, एवढाच अर्थ. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण आदेशाचा, म्हणजे हिंसा थांबवण्याच्या न्यायालयाच्या आदेशाचा, भंग (कलम ३१) अजामीनपात्र आणि दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे एकट्या पीडितेच्या साक्षीवरही भंग झाला असा निष्कर्ष काढता येतो. पण कलम ३१ चा मजकूर ‘संरक्षण आदेश’ आणि ‘अंतरिम संरक्षण आदेश’ एवढेच म्हणतो. म्हणून अर्जात पोटगीबरोबर कलम १८ ची, म्हणजे संरक्षण आदेशाची, मागणी वेगळी, स्पष्ट लिहावी. नुसती पोटगी मागून थांबलेल्या बाईच्या हाती पुन्हा मार बसल्यावर कलम ३१ नसते.

सीमाभागासाठी त्याच कायद्याचे कलम २७ फार मोलाचे. तात्पुरती राहते तिथेही अर्ज करता येतो. सासर निपाणीला आणि माहेर कागल किंवा चंदगडला असेल, तर तिकडेही चालेल, आणि आदेश देशभर लागू.

बेळगाव, अनुवादक

आता ‘अकाउंटेबिलिटी’. ‘जबाबदारी’ वापरा, पण कुणाची, कुणापुढे, हे प्रत्येक वेळी लिहून. महाराष्ट्रातल्या कोर्टात अर्जदारासमोर ‘जाबदार’ असतो, इकडे ‘एदुरुदार’. जाबदार शब्द मला जास्त आवडतो, ज्याने जाब द्यायचा तो. कन्नड ‘होणे’मध्ये जबाबदारी आणि जामीनकी दोन्ही आहेत. ‘उत्तरदायित्व’ भाषणात ठीक, पत्रकात जड होईल.

निपाणी, वकील

मग तीन ओळी करा. मारणाऱ्याची जबाबदारी: आदेश पाळणे, नाही तर कलम ३१. संरक्षण अधिकाऱ्याची: न्यायालयाने सांगितलेले काम पुरेशा कारणाशिवाय टाळले तर कलम ३३ खाली त्यालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, मात्र त्या खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. न्यायाधीशाची: निकालात कारणे देणे, आणि तो निकाल वरच्या कोर्टात तपासला जाणे.

तिसऱ्या ओळीत एक बारकावा आहे. शिक्षा कमी झाली म्हणून पीडितेला स्वतः अपील करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये तिचे अपील निर्दोष सुटकेवर, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरल्यावर किंवा अपुऱ्या भरपाईवर आहे. अपुऱ्या शिक्षेवर अपील सरकार करते, कलम ४१८ खाली, आणि शिक्षा दंडाधिकाऱ्यांनी दिलेली असेल तर सत्र न्यायालयात. म्हणून निकालाची प्रत घेऊन सरकारी वकिलांकडे लेखी विनंती लगेच द्यावी. हिंसाचार कायद्याखालच्या आदेशावर मात्र ती स्वतः सत्र न्यायालयात जाऊ शकते, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. त्यांचा दूरध्वनी १५१००.

खानापूर

आभारी आहे. ‘दया’ आणि ‘सूट’ काढते. ‘राजी’ला वेगळी चौकट करते, कन्नड वाक्य देवनागरीत आणि खाली ‘याचा अर्थ तडजोड, खटला संपू शकतो’ असे.

हुक्केरी, समुपदेशक

त्या चौकटीत आणखी एक वाक्य घाला: ‘मला विचार करायला पुढची तारीख द्या.’ तेवढे म्हणायचा तिला अधिकार आहे.