आण्णांना एकट्यानं एसटीनं जाऊ द्यावं का?

सेलूकर: आमचे आण्णा ७८ चे. २०२२ ला पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, तेव्हापासून बाजाराला एकटेच जायचे. उन्हाळ्यात न्हाणीत आपटले. हाड शाबूत, पण धाकटा म्हणतो आता उंबऱ्याबाहेर पाय नको. दिवसभर बाजेवर, पेपरसुद्धा उलगडत नाहीत. परवा वहिनीनं चहा बशीत ओतून दिला तर कप सरकवला, "हात मोडलेत का माझे?" काय करावं?

लातूरची फिजिओ: बसवून ठेवलं की मांड्यांतली ताकद जाते अन् पुढचं पडणं जवळ येतं. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठबस करू द्या, शेजारी कुणीतरी उभं राहा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात (बरेच जण उलटी धरतात). न्हाणीत धरायला दांडा. उठताना चक्कर येत असेल तर बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, हे टाळू नका.

हिंगोलीची सून: आमच्या मामंजींकडं सोयाबीनच्या पट्टीचा (आडत्याच्या विक्री-पावतीचा) हिशेब दिलाय. आडत्याची चूक तेच पकडतात, मग दोन दिवस घरात रुबाब! काठी-चष्म्यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ३,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची अट बघा.

सेलूकर: दांड्यासाठी गवंडी सांगितलाय. धाकट्याला अजून पटलेलं नाही. म्हणतो, बाजाराला जाऊ देतो, पण मी मागच्या सीटवर बसणार. आण्णा म्हणाले, "बस की, तिकीट मात्र तुझं तू काढ."